वाचकांचे प्रश्न : चाकू खिशात येण्याआधी

चाकूहल्ल्यांच्या बातम्यांनी अस्वस्थ झालेल्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. कुणाला कायदा कमी पडतो असे वाटते, कुणाला घर कमी पडते असे वाटते, आणि एका पत्रलेखकाच्या तर घरातच ही घटना घडून गेली आहे. त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या दप्तरात वह्यांच्या मागे घडीचा चाकू सापडला. विचारले तेव्हा म्हणाला, "सगळेच ठेवतात. मी कुणाला मारणार नाही, फक्त जवळ असू दे." त्याच्या वडिलांचे म्हणणे, त्याला पोलिसांकडे न्यावे म्हणजे कायमची अद्दल घडेल. मी काय करावे?

उत्तर : "फक्त जवळ असू दे" हे त्याचे शब्द खोटे मानू नका. चाकू बाळगणाऱ्या मुलांना कारण विचारले, तर सर्वाधिक वेळा हेच उत्तर मिळते आणि बहुतेक वेळा ते खरे असते. मुलगा कुणाला तरी घाबरतो आहे. त्याची चूक पुढच्या पायरीवर आहे : चाकू जवळ असला की आपण सुरक्षित होतो, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. एरवी ज्या भांडणातून तो मुकाट्याने निघून आला असता, तिथे चाकूच्या भरवशावर तो पाय रोवून उभा राहतो. समोरच्याला संशय आला की तो आधी हात उचलतो, आणि झटापटीत चाकू कोणाच्या हातात जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. त्यात हे वय असे की आवेग आवरणारा मेंदूचा भाग अजून पुरता परिपक्व झालेला नसतो. ती वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. भोवती चार मित्र पाहत असतील, तर माघार घेणे त्याला मरणाहून कठीण वाटते.

"सगळेच ठेवतात" हे मात्र खरे नाही. चाकू बाळगणारी मुले कुठल्याही शाळेत, कुठल्याही वस्तीत थोडीच असतात. पण बाकीच्यांना ती पुष्कळ आहेत असे वाटू लागले की त्या समजुतीपोटीच आणखी काही मुले चाकू घेतात, आणि समजूत हळूहळू खरी होऊ लागते. ही साखळी तोडायची असेल, तर तिथे भीतीची आणखी भर घालून उपयोग नाही. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी दरडावण्याचे प्रकल्प अनेक वर्षे चालले. त्यांची शास्त्रशुद्ध तपासणी झाली तेव्हा दिसले की, अशा भेटींनंतर मुलांकडून होणारे गुन्हे कमी होण्याऐवजी वाढले. वडिलांचा हेतू चांगला आहे, परंतु हा मार्ग घेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगेन.

चाकू आजच काढून घ्या. त्याबाबत तडजोड नको. त्यानंतर, भाऊबहिणी वा शेजारी नसताना, त्याच्याशी निवांत बोला. "का ठेवलास?" या प्रश्नाला मुले ठरावीक उत्तर देतात. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा : कोणत्या रस्त्यावर भीती वाटते, किती वाजता, कोण असते तिथे, हे कधीपासून चालू आहे? चाकू त्याचाच आहे की कुणी "सांभाळून ठेव" म्हणून दिला, हेही विचारा, कारण पकडले जाण्याचा धोका लहानांच्या माथी मारण्यासाठी मोठी मुले आपली हत्यारे त्यांच्याकडे ठेवतात. त्याच्याकडे अलीकडे महागड्या वस्तू किंवा दुसरा फोन दिसतो का, शाळा बुडते का, अंगावर न सांगितलेल्या जखमा आहेत का, याकडे लक्ष द्या. लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, सोळा वर्षांखालील मुलांवरचे वार शाळेच्या दिवशी, शाळा सुटल्यानंतरच्या तासांत सर्वाधिक होतात. म्हणजे तुमच्या मुलाचा धोका बहुधा एका ठरावीक वाटेवर आणि ठरावीक वेळेत आहे. ती वाट बदलणे, काही आठवडे कुणीतरी त्याच्यासोबत जाणे, शाळेतील एका विश्वासू शिक्षकाला सांगणे, हे उपाय साधे वाटले तरी त्याची चाकूची गरज त्यांनीच संपते.

पोलिसांकडे जाण्याची वेळ येऊ शकते. त्याला कुणी धमकावले असेल, एखाद्या प्रौढाने चाकू दिला असेल किंवा त्याने कुणाला इजा करण्याचे ठरवले आहे असे तुम्हाला जाणवले, तर क्षणाचाही विलंब करू नका. अशा वेळी आपण त्याला वाचवायला जात आहोत, हे त्यालाही कळू द्या.

प्रश्न : मी एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. चाकू सापडलेल्या विद्यार्थ्याला तत्काळ काढून टाकावे, असा पालकांचा आग्रह आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : इतर मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपली आहे, तेव्हा ज्याने चाकू उगारला त्याला काही काळ वेगळे ठेवणे टाळता येणार नाही. परंतु बाळगणे आणि उगारणे यांत फरक करावा. शाळेतून काढलेल्या मुलाचे वागणे सुधारत नाही. त्याचा दिवस तेवढा मोकळा होतो. दिवसभर मोकळ्या असलेल्या मुलांच्या शोधात असणारी माणसे प्रत्येक शहरात असतात. स्कॉटलंडमध्ये हिंसा घटली (त्याविषयी पुढे एका उत्तरात सांगितले आहे) त्याच वर्षांत शाळांनी मुलांना बाहेर काढण्याचे प्रमाणही झपाट्याने खाली आणले, ही गोष्ट पालकसभेत जरूर सांगावी.

शिकागोतील 'बिकमिंग अ मॅन' या प्रकल्पातला एक खेळ आपल्या शिक्षकांना माहीत असावा. मुलांच्या जोड्या करतात. एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो बाहेर काढ. जवळजवळ सगळी मुले बोटे पिरगळतात, ढकलतात, जमिनीवर लोळतात. मग मार्गदर्शक विचारतो, "चेंडू मागितला का नाहीस?" मुलगा म्हणतो, मागून त्याने दिलाच नसता, शिवाय मला लेचापेचा समजला असता. ज्याच्या मुठीत चेंडू होता त्याला विचारले, तर तो म्हणतो, मागितला असता तर दिला असता, चेंडूच तर आहे. भर रस्त्यात लागलेल्या धक्क्यावरून सुरू झालेले भांडण कशामुळे वाढते, हे त्या मुलांना कुठल्याही प्रवचनापेक्षा या खेळातून जास्त कळते. या प्रकल्पात काही मुलांना घेऊन व तशाच काही मुलांना न घेता तुलना करण्यात आली. प्रकल्प चालू असताना त्यातील मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. हे काम एका दिवसाच्या शिबिराने मात्र होत नाही. आठवड्यातला एक तास, वर्षभर, आणि तोच माणूस समोर, एवढे सातत्य राखता येणार असेल तरच हाती घ्यावे.

प्रश्न : मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. चाकूहल्ल्यांचे मूळ कारण गरिबी आहे, असे म्हणता येईल का? की चित्रपट आणि मोबाइल?

उत्तर : गरिबी हे एकमेव कारण मानले, तर ज्या लक्षावधी गरीब मुलांनी आयुष्यात कधी हत्यार हातात घेतले नाही, त्यांच्यावर अन्याय होतो. तरीही हल्ला करणारे आणि हल्ल्यात सापडणारे, दोघेही बहुतेकदा वंचित वस्त्यांतलेच असतात, हे नाकारता येत नाही. या दोन्ही विधानांची सांगड घालायची, तर गरिबीबरोबर आणखी काय काय येते ते पाहावे लागते. घरात मारहाण पाहत वाढलेले बालपण, शाळेशी तुटलेला संबंध, संध्याकाळी जायला एकही जागा नसणे आणि पोलिसांवर विश्वास नसणे, या गोष्टी एकाच मुलाच्या वाट्याला आल्या की धोका कितीतरी वाढतो. शेवटच्या मुद्द्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. आपल्यावर हल्ला झाला तर व्यवस्था धावून येईल असे ज्याला वाटत नाही, तो आपला न्याय आपणच करू पाहतो. मग एका भांडणातून दुसरे निघते आणि वर्षानुवर्षे खुन्नस चालू राहते.

त्यात अमली पदार्थांचा व्यापार मिसळला की चाकू हे धंद्याचे साधन होते. ब्रिटनमध्ये मोठ्या शहरांतल्या टोळ्या शाळकरी मुलांच्या हातून लहान गावांत माल पोहोचवतात, आणि आधी भेटवस्तू, मग कर्ज, मग धमकी अशा क्रमाने त्यांना अडकवतात. अशा मुलाला निव्वळ गुन्हेगार म्हणणे चुकीचे आहे, कारण आधी त्याचीच शिकार झालेली असते. दुसरीकडे, दारूच्या नशेत घरातल्याच माणसावर झालेला वार हाही चाकूचा गुन्हा आहे, आणि त्याचा टोळ्यांशी काही संबंध नाही. जगभरात खुनाच्या संशयितांपैकी सुमारे ९० टक्के पुरुष असतात. पुरुषपणाची आपली कल्पना तपासल्याशिवाय या विषयाचा अभ्यास पुरा होणार नाही.

मोबाइलबद्दल एवढेच म्हणेन की तो सहसा भांडणाचे मूळ नसतो, पण भांडण विझू देत नाही. पूर्वी अपमान चार जणांसमोर होई आणि विरून जाई. आता तो चित्रित होतो, शेकडो जण पाहतात आणि ज्याचा अपमान झाला त्याला उत्तर देणे भाग पडते. हल्ल्याच्या चित्रफिती पुढे पाठवणारे सज्जन लोकही यात नकळत हातभार लावतात. जप्त केलेल्या सुऱ्यांची छायाचित्रे मोठी करून छापणाऱ्या संपादकांनीही विचार करावा, कारण ती पाहून घाबरलेला मुलगा स्वतःसाठी एक चाकू शोधू लागतो.

प्रश्न : समुपदेशन, खेळ, प्रकल्प यांनी गुंड सुधारत नाहीत. जबर शिक्षा आणि जागोजागी झडती, एवढेच त्यांना कळते. आपण कायद्याला दुय्यम का ठरवता?

उत्तर : कायद्याला मी दुय्यम ठरवत नाही. ज्याने कुणाला भोसकले त्याला शिक्षा झालीच पाहिजे. प्रश्न असा आहे की, शिक्षेची कोणती बाजू हात आवरायला लावते? यावरचे संशोधन बऱ्यापैकी एकमुखी आहे : शिक्षेच्या लांबीपेक्षा पकडले जाण्याची खात्री अधिक प्रभावी ठरते. भांडणात चाकू काढणारा सतरा वर्षांचा मुलगा कलमे आणि वर्षे मोजत नसतो. इंग्लंडमध्ये २०१५ पासून चाकू बाळगताना दुसऱ्यांदा सापडलेल्या प्रौढाला किमान सहा महिन्यांची कैद ठरवण्यात आली. तरी पुढची काही वर्षे तिथले नोंदवलेले चाकूगुन्हे वाढतच गेले.

झडतीचेही तसेच. २००८ ते २०११ या काळात लंडनमध्ये झडत्यांची मोठी मोहीम राबवण्यात आली. ज्या भागांत झडत्या खूप वाढवल्या आणि ज्यांत कमी वाढवल्या त्यांची तुलना ब्रिटिश गृहखात्याच्याच अभ्यासात झाली, आणि गुन्हे कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. नेमक्या माहितीवर केलेली झडती आवश्यक असते. सरसकट झडतीत मात्र शेकडो निरपराध मुलांचा अपमान होतो, आणि उद्या हल्ला पाहिला तरी साक्ष द्यायला ती पुढे येत नाहीत.

आता स्कॉटलंडमधील ग्लासगोचे पाहा. या शतकाच्या सुरुवातीला ते युरोपातील अत्यंत हिंसक शहरांपैकी एक होते आणि तिथल्या टोळ्यांचे मुख्य हत्यार चाकू होते. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनीच हिंसाचार घटवण्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापला. कॅरिन मक्लस्की आणि जॉन कार्नोकन हे त्याचे प्रमुख शिल्पकार होते. कार्नोकन खुनांचा तपास करणारे अनुभवी अधिकारी. गुन्हा घडल्यावर तपास कितीही चांगला केला तरी पुढचा खून थांबत नाही, हे त्यांनी पाहिलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या अहवालात हिंसेकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्याची जी रीत मांडली होती, ती त्यांनी स्वीकारली : प्रसार कुठे व कसा होतो ते शोधा, कारणे ओळखा, उपाय करून पाहा, आणि जो लागू पडेल तो वाढवा.

२००८ मध्ये त्यांनी अमेरिकेतील बोस्टन शहराच्या अनुभवावर बेतलेला एक प्रयोग केला. टोळ्यांतल्या तरुणांना न्यायालयाच्या दालनात बोलावण्यात आले. आरोपी म्हणून नव्हे, ऐकण्यासाठी. पोलिसांनी सांगितले, तुम्ही कोण आहात हे आम्हाला ठाऊक आहे, आणि यापुढे तुमच्यापैकी एकाने हिंसा केली तर कारवाई सगळ्या टोळीवर होईल. मग शल्यचिकित्सक बोलले, चाकूने शरीराचे काय होते ते. मग मुलगा गमावलेली एक आई बोलली. आणि शेवटी एक दूरध्वनी क्रमांक देण्यात आला : ज्याला यातून बाहेर पडायचे आहे त्याला शिक्षण, काम आणि व्यसनमुक्तीसाठी मदत मिळेल. आपण म्हणता तो धाक यात पुरेपूर आहे. पण धाकाच्या शेजारीच बाहेर जायचा दरवाजा उघडा ठेवला होता, आणि तो नसता तर त्या धाकाचे पुन्हा एका खुन्नशीत रूपांतर झाले असते, असे माझे मत आहे.

स्कॉटलंडमध्ये २००४-०५ या वर्षी सुमारे १४० माणसे खुनांना बळी पडली होती. २०२२-२३ मध्ये ही संख्या ५२ होती. याचे सारे श्रेय एका विभागाला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच काळात चाकू बाळगण्याची कमाल शिक्षाही दोन वर्षांवरून चार व नंतर पाच वर्षांवर गेली, आणि शाळा, समाजसेवा व आरोग्य या सर्व खात्यांनी आपापले काम बदलले. पण हे सारे एकत्र, अनेक वर्षे आणि सरकारे बदलली तरी चालू राहिले, हा धडा कुठल्याही समाजाला घेता येतो.

प्रश्न : चाकूंच्या विक्रीवरच बंदी का घालू नये?

उत्तर : कारण चाकू प्रत्येक घरात असतोच. संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासानुसार २०१७ मध्ये जगातील खुनांपैकी सुमारे २२ टक्के धारदार हत्यारांनी झाले. इंग्लंड व वेल्समध्ये खुनात वापरलेल्या चाकूचा प्रकार जिथे नोंदला जातो, तिथे स्वयंपाकघरातला चाकूच सर्वाधिक आढळतो. ज्यांचा दहशतीखेरीज उपयोग नाही अशा पात्यांवर बंदी घालावी. तिथे २०२४ मध्ये 'झॉम्बी' पद्धतीच्या, म्हणजे दहशत बसावी अशा घडणीच्या मोठ्या चाकूंवर ती घातली गेली. ऑनलाइन विक्रीत वयाची कसून पडताळणी व्हावी, हेही योग्य. २००५ मध्ये काही ब्रिटिश आपत्कालीन डॉक्टरांनी सुचवले होते की, घरगुती लांब चाकूंचे टोक गोल करावे, कारण चिरण्यासाठी धार पुरते आणि खोल जखम टोकाने होते. ही सूचना मला शहाणपणाची वाटते. रागाच्या भरात हाताशी येणारा चाकू तोच असतो.

प्रश्न : माझ्या एकवीस वर्षांच्या मुलावर किरकोळ बाचाबाचीतून वार झाले. तो वाचला, पण रात्री झोपत नाही, घराबाहेर पडत नाही. लोक विचारतात, "तो तिथे करत काय होता?" त्याचे मित्र बदल्याची भाषा करतात. मारणाऱ्यांना सुधारण्याच्या गोष्टी ऐकल्या की माझा जीव जळतो.

उत्तर : आपला संताप रास्त आहे आणि तो कुणी आपल्याला सोडायला सांगू नये. इतरांना वाचवण्यासाठी समाजाने काही करणे ही समाजाची जबाबदारी आहे. त्यासाठी आपण त्या माणसाला क्षमा केली पाहिजे असे मुळीच नाही. "तो तिथे करत काय होता?" असे विचारणाऱ्यांना आपल्या घराला असे काही होणार नाही, एवढी खात्री हवी असते. त्यांना उत्तर देण्यास आपण बांधील नाही.

मुलाची झोप उडणे, दचकणे, बाहेर न पडणे ही अशा आघातानंतर वारंवार दिसणारी लक्षणे आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. अंगावरच्या जखमेचे टाके निघाले म्हणजे उपचार संपले असे समजू नका. मानसोपचारतज्ज्ञांची भेट याच आठवड्यात घ्या.

मित्रांच्या बदल्याच्या भाषेकडे मात्र तितक्याच तातडीने पाहा. आज रुग्णालयात पडलेला तरुण महिन्याभरात दुसऱ्याला रुग्णालयात पाठवतो किंवा स्वतः पुन्हा तिथे येतो, हे डॉक्टरांनी फार वेळा पाहिले आहे. म्हणूनच लंडनमधील किंग्ज कॉलेज रुग्णालयात २००६ पासून 'रेडथ्रेड' या संस्थेचे कार्यकर्ते जखमी तरुणांना खाटेपाशीच भेटू लागले, आणि ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत २०१५ पासून 'नॅव्हिगेटर' हा तसाच उपक्रम सुरू झाला. वेदनेच्या आणि भीतीच्या त्या तासांत माणूस ऐकायला तयार असतो. आपल्याकडे असा कार्यकर्ता नसेल, तर मुलगा ज्याचे ऐकतो असा एक वडीलधारा माणूस शोधा आणि मित्रांशीही त्यालाच बोलू द्या. मुलाच्या तोंडून "माझ्यासाठी कुणी काही करू नका" हे वाक्य निघाले, तर त्याचा परिणाम आपल्या शंभर विनवण्यांहून मोठा होईल.

आणखी एक करता येईल. हल्ला नेमका कुठे, किती वाजता आणि कशाने झाला, हे रुग्णालयाने नाव वगळून प्रशासनाला द्यावे, असा आग्रह धरा. वेल्समधील कार्डिफचे शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले होते की, उपचारासाठी येणाऱ्या अनेक हल्ल्यांची पोलिसांना खबरच नसते. त्यांनी ही माहिती नियमितपणे पोलीस व पालिकेपर्यंत पोहोचवण्याची पद्धत घालून दिली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या शहरांच्या मानाने कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी राहिले. त्या तक्त्यातली प्रत्येक ओळ आपल्या मुलासारख्या एखाद्याची होती.

प्रश्न : माझ्यासमोर कुणाला चाकू लागला तर काय करावे? पायावरचा वार तितका धोकादायक नसतो ना?

उत्तर : हा गैरसमज जीवघेणा आहे. मांडीतली मोठी रक्तवाहिनी कापली गेली, तर काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. "फक्त पायावर मारले" असे सांगणारी मुले नंतर खुनाच्या आरोपाखाली उभी राहतात.

हल्लेखोर अजून तिथे असेल तर आधी स्वतःला सांभाळा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबा. रक्त थांबले का हे पाहायला कापड उचलू नका. ते भिजले तर वर दुसरे ठेवा आणि दाब चालू ठेवा. चाकू अंगात रुतलेला असेल तर तो कधीही उपसू नका, कारण त्याच्यामुळेच रक्त अडलेले असू शकते. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. जखमीला झोपवा, पांघरूण घाला, काहीही खायला-प्यायला देऊ नका. जखम छातीवर असेल आणि श्वासाला त्रास होत असेल, तर त्याला टेकून बसू द्या. मदत येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा, आणि वार कधी झाला व कशाने झाला हे येणाऱ्या पथकाला सांगा.